अप्पांकडची अनामत

लातूरला आम्ही ज्या दोन खोल्यांत राहिलो त्या पेंडीच्या दुकानामागं होत्या. पुढं रस्त्यावर दुकान, मधे मालकांचं घर, मागं न्हाणीच्या अंगाला आमच्या खोल्या, आणि या सगळ्यावर सरकीच्या पेंडीचा तो जड, तेलकट, किंचित आंबूस वास. पहिले आठ दिवस तो माझ्या नाकात बसला, मग केसांत बसला, आणि पुढं तो मला येईनासाच झाला. कॉलेजात शेजारी बसणारी मुलगी मात्र महिनाभर विचारत होती की तुमच्याकडं म्हशी किती आहेत. मी तिला एकदा चार सांगितल्या, एकदा सहा. खरं सांगायची लाज वाटत होती, आणि खरं एवढंच होतं की आमच्याकडं एकही म्हैस नव्हती, दोन खोल्या होत्या, त्याही भाड्याच्या.

मुखेडहून लातूरला यायचं ठरवलं ते मायनं. माझे वडील मुखेडच्या शाळेत शिपाई होते. शांत माणूस. घंटा वेळेवर व्हावी यापलीकडं जगाकडं त्यांचं काही मागणं नव्हतं. मला दहावीला बरे मार्क पडले तेव्हा ते म्हणाले, "इथंच काय ते शिकंल." माय चुलीपुढून उठली नाही, भाकरी थापता थापता म्हणाली, "इथं शिकून ती इथलीच घंटा वाजवंल." बोलून गेल्यावर तिलाच ते लागलं असावं, कारण त्या संध्याकाळी तिनं त्यांच्यासाठी मुद्दाम धपाटे केले, दह्याची वाटी त्यांच्यापुढं सरकवली. पण बोललेलं मागं घेतलं नाही. ती माझ्याबरोबर लातूरला येणार, तिथं पोरांना जेवण करून घालणार आणि त्याच्यावर खोलीचं भाडं आणि माझं शिक्षण निघणार, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं. लातूरला तेव्हा गावोगावची पोरं शिकायला येऊन राहायला लागली होती. या पोरांना पुस्तकाआधी भाकरी लागते, एवढी गोष्ट तिला कुणी न सांगता कळली होती.

खोल्यांचे मालक गुरुलिंगअप्पा. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, पांढरं धोतर, गळ्यात लिंग, आणि दुकानात बसल्या बसल्या सगळ्या गल्लीवर नजर. त्यांनी भाडं सांगितलं आणि वर म्हणाले, "आन् सहा महिन्याचं डिपॉझिट." हा शब्द आम्ही दोघींनी तिथं पहिल्यांदा ऐकला. मायनं विचारलं, "त्ये कशाचं?" अप्पा म्हणाले, "ठेव असते बाई. खोली सोडताना परत मिळते." मायनं तीन उन्हाळे लोकांच्या वाकळा शिवून जे गाठीला बांधलं होतं ते सगळं तिथं सोडलं. पावती मागायचं आमच्या ध्यानातही आलं नाही. खरं तर आलं असतं तरी मागितली नसती. मोठ्या माणसाला लिहून द्या म्हणणं म्हणजे त्याच्या तोंडावर अविश्वास दाखवणं, असंच आम्ही समजत होतो. आज या वयात मला वाटतं, जगातली निम्मी फसवणूक या एका भिडेवर उभी असते.

ती दोन वर्षं मला आवाजांनी आठवतात. सकाळी परातीवर पीठ थापल्याचा आवाज, स्टोव्हचा घोंगावता सूर, पुढच्या दुकानात पोती पडल्याचा धप्प आवाज, आणि साडेनऊला जेवायला येणाऱ्या आठ पोरांच्या चपलांचा कालवा. औसा, निलंगा, अहमदपूर, कुठकुठची पोरं. त्यांतलं एक तर मुरुडचं होतं, एस.टी.नं पाऊण तासावर घर, पण घरी अभ्यास होत नाही म्हणून राहायचं. ती भिंतीला टेकून ओळीनं बसत आणि माय मधे बसून वाढत असे. ज्वारीची भाकरी, वरण, शेंगदाण्याची चटणी, कधी अंबाडीची भाजी, महिन्यातून दोनदा येसराची आमटी. रविवारी सकाळी मुरमुऱ्यांची सुशीला करायची, तिच्या वासानं गल्लीतली न जेवणारी पोरंही दारातून डोकावून जायची. कुणी ताटात टाकलं तर माय त्याला ओरडत नसे. ते ताट तसंच झाकून ठेवायची आणि संध्याकाळी त्याच्याच पुढं सरकवायची. दुसऱ्यांदा कुणी टाकलं नाही. मी अभ्यास करत असे तो याच गोंगाटात, पण वीज गेली की अवघड व्हायचं, आणि वीज सारखी जायची.

इथं मला अप्पांविषयी खरं ते लिहिलं पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं खोटं होईल. वीज गेली की अप्पा दुकानात गॅसबत्ती पेटवत आणि आतल्या दाराशी येऊन हाक मारत, "शकू, पुस्तक घेऊन ये." मी पेंडीच्या पोत्यांवर बसून केमिस्ट्री पाठ करायची आणि ते गिऱ्हाईक करायचे. दोन वर्षांत त्यांनी मला कधी काही काम सांगितलं नाही, कधी वावगा शब्द काढला नाही. तागडीला ते इतके सच्चे होते की पेंडीचा चुरा खाली सांडला तर तेवढी पेंड वरून घालत. त्यांच्या बायकोला मी काकू म्हणत असे. सणाला त्यांच्याकडं गव्हाची हुग्गी व्हायची, गूळ आणि सुंठ घातलेली, आणि पहिली वाटी मागच्या दारानं माझ्याकडं यायची. काकूंना मूलबाळ नव्हतं. माझी वेणी त्या कधीकधी उगाच सोडून पुन्हा घालून द्यायच्या. लातूर सोडायची वेळ आली तेव्हा मला घरापेक्षा त्यांचं वाईट वाटत होतं.

बारावीचा निकाल लागला आणि मला नांदेडला फार्मसीला जागा मिळाली. वसतिगृह भरलेलं होतं. एका घरी तीन मुलींसाठी खोली निघत होती, त्यातल्या दोघी ठरल्या होत्या, तिसरीची जागा रविवारपर्यंत धरून ठेवतो, डिपॉझिट घेऊन या, असं त्या मालकांनी सांगितलं. मायला काळजी वाटली नाही. तिच्या दृष्टीनं डिपॉझिट अप्पांकडं पडलेलंच होतं, ते लातूरहून उचलायचं आणि नांदेडला ठेवायचं. ती पदराला हात पुसत दुकानात गेली, मी मागं उभी. अप्पांनी तिचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, त्ये रंगसफेदीत जातं."

"कशाच्या?"

"तुमच्या खोल्यांच्या. दोन वर्षं स्टोव्ह जाळला, भिंती काळ्या झाल्या, फरशी झिजली. पुढचा माणूस यायचा म्हणजे सगळं नीट करावं लागतं."

"पण तुम्ही म्हणला व्हता परत मिळतं."

"म्हणायची रीत असते. आजवर कोणच घेऊन गेलं न्हाई. इचारा गल्लीत."

त्यावर माय जे बोलली ते मी पुढं चाळीस वर्षांत कितीतरी शिकलेल्या माणसांना सांगितलं आहे. ती म्हणाली, "अप्पा, आमच्याकडं नांगरटीला बैल भाड्यानं नेतेत. दिवसभर काम केलं की बैलाचे खूर झिजतेत, नाल झिजते. त्याचंच तर भाडं असतं. बैलाचा पाय मोडला तर भरून द्यायचं. मी तुमच्या बैलाचा पाय मोडला का ते सांगा."

दुकानातला हमाल हसला. अप्पा हसले नाहीत. "बैलाचं बैलाला," ते म्हणाले आणि गिऱ्हाइकाकडं वळले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या पोत्यांवर बसून मी पास झाले ती पोती समोर होती आणि त्यांच्या मालकाशी माझी माय हुज्जत घालत होती. खोलीत आल्यावर मी म्हणाले, "माय, जाऊ दे की. अप्पांनी किती केलं आपल्यासाठी. काकूंना काय वाटंल?" तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी अजून तिची कुणी नातेवाईक लागते का, याचा ती विचार करत असावी. "तू वाकळ शिवली का?" तिनं विचारलं. "मग तू सोडनारी कोण? माझं हाय ते. मला सोडावं वाटंल तवा मी सोडीन. आज वाटून न्हाई राहिलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं चुना आणला. जेवायला येणाऱ्या पोरांतली तीन अजून गावाला गेली नव्हती, ती आपणहून मदतीला आली. मायनं उलथन्यानं भिंतीवरची काजळी खरवडून काढली, पिंपात चुना भिजवला, त्यात चिमूटभर नीळ टाकली, आणि केकताडाचा कुंचा घेऊन स्वतः स्टुलावर चढली. दोन दिवस आम्ही रंगवत होतो. चुन्यानं माझी बोटं सोलवटली, डोळे चुरचुरले. खिडक्या धुतल्या, न्हाणीचा दगड घासला, स्टोव्हच्या मागची भिंत तर तीन हात देऊन पांढरी केली. तिसऱ्या दिवशी खोल्या आम्ही आलो तेव्हा होत्या त्याहून उजळ दिसत होत्या. माय दुकानात जाऊन अप्पांना घेऊन आली.

अप्पांनी भिंतीला बोट लावून बघितलं. बोटाला चुना लागला नाही. "बरं झालं," ते म्हणाले. "पण फरशी बघा. ही शहाबादी तडकलीय."

"आमी आलो तवा तडकलेलीच व्हती."

"कुठं लिहिलेलं हाय?"

"डिपॉझिट दिलेलं तरी कुठं लिहिलेलं हाय?" माय म्हणाली. "मग म्हणा, मी दिलंच न्हाई. म्हणा एकदा, मी आत्ता जाते."

मला वाटलं, आता संपलं. तिनं स्वतःच्या हातानं त्यांना वाट दाखवली होती. पण अप्पा खाली फरशीकडं बघत राहिले. खोटं बोलायचं त्यांच्या जिभेला वळणच नव्हतं. "दिलं की," ते हळू म्हणाले. "मी कुठं न्हाई म्हणून राहिलो? पण रीत हाय ही. एकट्या तुमच्यासाठी मोडली तर उद्या गल्लीतले बाकीचे मालक मला काय म्हणतील?"

ते गेल्यावर मायनं मला सांगितलं, "कोरटाजवळ टायपिंगवाले बसतेत. त्यातल्या एकाला इचारून ये, हे काय असतं." मला जायचं नव्हतं. पण त्या पांढऱ्या भिंतींच्या मधे, सोलवटलेल्या बोटांनी, नाही म्हणणं मला जमेना.

कोर्टाच्या भिंतीला लागून चार-पाच टायपिंगवाले ओळीनं बसत. कडेला एक म्हातारे चाचा होते, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. मी अडखळत सगळं सांगितलं. त्यांनी टाईपरायटरवरची बोटं काढली आणि नीट ऐकलं. मग विचारलं, "घर में कुछ तोडफोड किये क्या तुम लोगां?" मी म्हणाले, खिडकीची एक काच फुटलीय, बाकी काही नाही. "भाडा बाकी है?" नाही म्हणाले. "लाइट का बिल?" भरलंय म्हणाले. तेव्हा ते म्हणाले, "देख बेटा, ये डिपॉझिट लफ्ज बाहर का है, इस में आदमी जो मन में आया वो घुसेडता. तू अनामत लिख. अनामत बोले तो दूसरे की चीज. संभाल के रखने की, वक्त पे वापस देने की. उसको खा गये तो उसका नाम अलग है." ते दुसरं नाव त्यांनी उच्चारलं नाही, मीही विचारलं नाही. त्यांनी माझ्यासमोर अर्ज टाईप केला. आम्ही अमुक खोल्यांत दोन वर्षं राहिलो, भाडं चुकतं केलं, राहण्यानं जी झीज होते ती भाड्यात येते, काही मोडतोड आमच्या हातून झाली असेल ती दाखवावी, आम्ही भरून देऊ, उरलेली अनामत आमची आम्हाला परत मिळावी. सहा ओळी. खाली मायच्या सहीसाठी जागा. चाचांनी कागदाचे पैसे घेतले, बोलण्याचे घेतले नाहीत.

अर्ज घेऊन परत येताना मी तो वाटेत तीनदा वाचला. दोन वर्षं मी मोठमोठी पुस्तकं पाठ केली होती, पण लिहिलेल्या शब्दांना असा कणा असतो हे मला त्या रस्त्यावर कळलं. अप्पांनी मात्र तो घेतला नाही. "कागद कशाला पाठवून राहिल्या?" म्हणाले, आणि तो तसाच माझ्याकडं परत सरकवला. मायनं त्यावर आपली वळणावळणाची सही केली होती.

शनिवारी दुपारी नवे भाडेकरू आले. नायगावचे रामराव म्हणून एक गृहस्थ, तिकडं सायकलचं दुकान असलेले, टेम्पोत सामान आणि सामानावर दोन मुली. थोरलीला अकरावीला घालायचं होतं. आमची ट्रंक, भांड्यांचं पोतं आणि वाकळा बाहेर ओट्यावर बांधून ठेवल्या होत्या, खोल्यांना कुलूप होतं आणि किल्ली मायच्या कमरेला. ती पायरीवर बसली होती. अप्पा दुकानातून उठून आले. "किल्ली द्या बाई, लोक आलेत."

"महिना उद्या संपतो," माय म्हणाली. "भाडं दिलेलं हाय. आजची खोली माझी हाय."

"असं अडून बसणं बरं दिसत न्हाई."

"न्हाई दिसू द्या."

रामराव टेम्पोतून उतरून जवळ आले. उंच, काळे, हाताच्या रेषांत ग्रीस मुरलेलं. "काय भानगड हाय?" त्यांनी विचारलं, अप्पांना नाही, मायला. मला वाटलं माय बैलाची गोष्ट पुन्हा सांगेल. तिनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "शकू, वाच."

गल्लीत दुपारची माणसं होती. हमाल पोतं खांद्यावर तसंच धरून थांबला. समोरच्या गिरणीतली बाई दारात आली. मधल्या दारात काकू उभ्या होत्या, पदर तोंडाशी धरून. मी कागद उघडला. पहिली ओळ माझी मलाच ऐकू आली नाही. दुसऱ्या ओळीला आवाज फुटला, आणि "राहण्याने होणारी झीज भाड्यात समाविष्ट आहे" या वाक्याला तो असा मोठा निघाला की टेम्पोतल्या मुली माझ्याकडं बघायला लागल्या. सहा ओळी वाचायला किती वेळ लागतो? मला त्या अजून संपलेल्या नाहीत असं वाटतं.

वाचून झाल्यावर अप्पा माझ्याकडं वळले. रागानं नाही, आणि तेच अवघड होतं. "पोरी," ते म्हणाले, "माझ्या दुकानात बसून शिकलीस तू. माझ्या बत्तीत."

मी कागदाची घडी घातली. "हाव अप्पा," मी म्हणाले. "तुमच्यामुळं शिकले. हे मी जन्मभर सांगीन. पण ते यातून कापू नका. ते तुम्ही दिलं व्हतं. हे आमचं हाय."

मग रामरावांनी खिशावर हात ठेवला. "अप्पा, माझं डिपॉझिट मी आणलंय," ते म्हणाले. "देतो. पण या बाईला तुम्ही काय देता ते बघून देतो. आज हिचं जातंय, दोन वर्षांनी माझं जाईल. माझ्या दोन पोरी हायत."

"मग दुसरी खोली बघा," अप्पा म्हणाले.

"बघतो की," रामराव म्हणाले, आणि टेम्पोवाल्याला थांबायची खूण करून ते खरंच गल्लीत उभे राहून इकडंतिकडं पाट्या बघायला लागले. त्यांची धाकटी मुलगी टेम्पोतून विचारत होती, "बाबा, हे घर न्हाई का आपलं?" आणि ते सांगत होते, "अजून न्हाई बाळा."

अप्पा दुकानात गेले. हमालानं पोतं खाली ठेवलं. पुष्कळ वेळानं अप्पा बाहेर आले आणि मायच्या पुढं हात केला. मायनं नोटा घेतल्या, मोजल्या नाहीत. अप्पांच्या हातातून कमी येणार नाही, याबद्दल तिच्या मनात कधीच शंका नव्हती. तिचं भांडण त्यांच्या इमानाशी नव्हतं, त्या रितीशी होतं. नोटा कमरेला खोचून ती उठली, किल्ली त्यांच्या हातात दिली आणि पिशवीतून सुटे पैसे काढले. "मागच्या खिडकीची एक काच आमच्या हंड्यानं फुटली. काचवाल्याला इचारून आले, एवढे लागतेत. हे घ्या."

"राहू द्या," अप्पा म्हणाले.

"न्हाई. ती आमी फोडलीय."

अप्पांनी ते पैसे घेतले आणि मुठीत धरून ओट्यावर बसले. मी त्यांना दुकानाच्या गादीखेरीज कुठं बसलेलं पाहिलं नव्हतं. ते एकदम म्हातारे दिसले. मी त्यांच्या पाया पडायला वाकले. त्यांनी पाय मागं घेतले नाहीत, पण हातही वर केला नाही. मधल्या दाराशी मी गेले आणि म्हणाले, "काकू, येते." दार नुकतंच लागलं होतं. आतून बांगड्या वाजल्या, म्हणजे त्या दाराला लागूनच उभ्या होत्या. मी थोडी थांबले. दार उघडलं नाही. पुढं नोकरीला लागल्यावर मी दोनदा त्या गल्लीत गेले. पहिल्यांदा कुलूप होतं, दुसऱ्यांदा तिथं मोबाईलचं दुकान झालं होतं, आणि काकू कुठं गेल्या ते कुणाला नीट सांगता येईना. हक्काचं मिळवताना दुसरं काहीतरी हातातून जातं, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी मी तो कागद वाचलाच असता, एवढं मात्र आज छातीवर हात ठेवून सांगते.

आता मी नांदेडला राहते. सरकारी दवाखान्यात औषधं देऊन निवृत्त झाले. घराच्या वरच्या मजल्यावर शिकणाऱ्या मुली असतात. त्यांच्याकडून मीही डिपॉझिट घेते, उगाच थोर व्हायची मला हौस नाही. नळ तोडला तर नळाचे कापते, आणि का कापले ते लिहून देते. पण भिंतीचा रंग उडाला, पडद्याची दांडी सैल झाली, याचे मी कापत नाही. माझा मुलगा एकदा म्हणाला, "आई, सगळेच एक महिन्याचं पेंटिंगला म्हणून कापतात, ॲग्रीमेंटमध्येच टाकतात." मी म्हणाले, सगळ्यांनी टाकावं. शेजारचे एक गृहस्थ मला रस्त्यात अडवून म्हणाले की मॅडम, तुमच्यामुळं आमच्याकडं राहणाऱ्या पोरीसुद्धा हिशेब मागायला लागल्यात, तुम्ही रीत बिघडवून राहिल्या. मी त्यांना हसून सांगितलं की हो, मला लहानपणापासून सवय आहे. ते त्यांना कळलं नाही, पण मला दिवसभर बरं वाटत राहिलं.

लातूरहून त्या शनिवारी आम्ही निघालो ते थेट नांदेडला. एस.टी.त माय खिडकीशी बसली, पिशवी मांडीवर धरून. अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा आम्ही दोघींनी भजी खाल्ली, आणि खाताना तिचे हात कापताहेत हे मला दिसलं. चार दिवस ती कापली नव्हती. मी तिच्या हातातला द्रोण धरला. "चुन्यानं झालंय," ती म्हणाली. मीही हो म्हणाले.

नांदेडच्या त्या घरी पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. मालक धोतरातले नव्हते, पँट-शर्टातले होते, बँकेत कामाला. बाई चहा घेऊन आल्या. खोली बघितली, दोन मुलींच्या गाद्या आधीच पडल्या होत्या, तिसरी जागा खिडकीशी होती. मालक म्हणाले, "आता तेवढं डिपॉझिट देऊन टाका म्हणजे नक्की झालं." मायनं कमरेचे पैसे काढले. मला वाटलं ती देईल. तिनं ते माझ्या हातात ठेवले, आणि स्वतः उठून खोलीच्या छताकडं, कोपऱ्यांकडं, फरशीकडं बघत हिंडायला लागली.

मी पैसे पुढं केले नाहीत. माझे कान तापले होते. "काका," मी म्हणाले, "पावती द्याल?"

ते हसले. "अगं, पावती कशाला? तू तर घरचीच आता."

"घरचीच म्हणताय," मी म्हणाले, "मग लिहून द्यायला काय हरकत आहे?"

त्यांनी मायकडं बघितलं, पोरीला आवरा अशा नजरेनं. माय कोपऱ्यातल्या एका तडकलेल्या फरशीपाशी वाकली होती. वाकूनच ती म्हणाली, "शकू, ही पन लिव्हायला सांग त्यात."

मालक जरा वेळ तसेच उभे राहिले. मीही उभी राहिले, मुठीत पैसे घट्ट धरून, खाली न बघता. मग त्यांनी बाईंना हाक मारली आणि पेन आणायला सांगितलं.